किंचाळणारा ब्रेक

खर्ड्यात आमच्या घराजवळच्या उतारावर वडिलांच्या सायकलचा ब्रेक किंचाळायचा. तो ऐकू आला की आई आम्हा बहिणींना मागच्या दाराने शेजारी पिटाळायची आणि चुलीपुढचं सरपण लपवायची. पिऊन आल्यावर त्यांच्या हाती आधी तेच लागायचं.

एकदा मिरजगावचा मामा आला. वडील झोपले होते. मामाने सायकल उलटी केली, रिम रॉकेलने पुसली, ब्रेकची रबरं घासून नीट बसवली. “ताई, आता चूं करायची न्हाई बघ.”

माहेरी काही कळू द्यायचं नाही, हा आईचा मेला हट्ट! “लई बरं झालं,” म्हणत ती हसली.

मामा दुपारच्या एसटीने गेला. संध्याकाळी वडील दारात येऊन उभे राहिले, तेव्हा आई पाठमोरी भाकरी थापत होती. आम्ही सगळ्या घरातच होतो आणि सरपण चुलीपुढेच होतं.