जाऊबाईंचं बिऱ्हाड आणि माझे गहू

मी बाथरूममध्ये पडले ते आधी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. संक्रांतीच्या आधीची थंडी होती. पाय घसरला आणि कमरेवर आपटले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दाराला आतून कडी. घरात मी एकटी, मग कडी कुणासाठी लावली होती ते मला आजही सांगता येणार नाही. हाक मारून घसा बसला तेव्हा कुठे शेजारणीला ऐकू गेलं. तिच्या नवऱ्याने पहारीने दार उचकटलं. माझ्या अंगावर लुगडं टाकायचं सुचलं ते तिला. मला तेही सुचलं नव्हतं.

मुलगा नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो त्याच दिवशी श्रीरामपूरला आला. माझ्या कमरेला मलम चोळता चोळता म्हणाला, "आई, आता दोनच गोष्टी. एक तर माझ्याकडं चल. न्हाईतर मोठी आई ऱ्हाती तिथं जा."

"तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. मला वर चढवशील, खाली कोण उतरवणार?"

"म्हणून तर दुसरी गोष्ट सांगितली. पाडव्यापर्यंत ठरव. तू न्हाई ठरवलं तर मी ठरवणार."

तो वाईट बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर पाडव्यापर्यंतसुद्धा थांबले नसते. पण आपलं दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं, हे मला सहन होईना.

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. मालकांच्या थोरल्या भावाची बायको. आमची दोघींची लग्नं पाथर्डीकडच्या एकाच घरात झाली, पण दिवस निराळे आले. माझे मालक साखर कारखान्यात कायम झाले आणि मी श्रीरामपूरच्या या दोन खोल्यांत येऊन बसले, ती पन्नास वर्षं इथेच. जाऊबाई आणि थोरले दीर मात्र ऊसतोडीला जात राहिले. दिवाळी झाली की घराला कुलूप घालायचं, भांडी-अंथरुणं ट्रॅक्टरवर टाकायची आणि कारखान्याच्या रानात उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करून तिच्यात उन्हाळ्यापर्यंत राहायचं. एकदा आमच्याच कारखान्यावर त्यांची टोळी आली होती. दुपारी उतरलेल्या जाऊबाईंनी संध्याकाळी मला कोपीत बसवून चहा पाजला. भिंत म्हणून पाचट होतं, पण डबे ओळीने मांडलेले होते, आणि कपाला बशीही होती. माझ्या घरी पाहुणे आले की मला अजून बशी सापडत नाही.

त्यांना मूलबाळ झालं नाही. चार वर्षांपूर्वी दीर वारले. दिवस उरकले तशी त्यांनी जमीन पुतण्याला कसायला दिली, आणि नगरजवळ म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे तिथे स्वतः जाऊन जागा बघून आल्या. गावाने नावं ठेवली. जाऊबाईंनी आळीतल्या बायांना अंगणात बोलावलं, सगळी भांडी मांडली आणि म्हणाल्या, "मी मेल्यावर भांडाल. आत्ताच न्या." मी रडायच्या तयारीने गेले होते. मला त्यांनी मोठं जर्मनचं पातेलं आणि पितळेचा सोऱ्या काढून ठेवला होता.

"जाऊबाई, वाईट न्हाई वाटत?"

"दर साली घर उचललंय. ह्ये आनखी येकदा. पातेलं उचल, एस्टी जाईल."

होळी झाल्यावर मी त्यांच्याकडे तीन दिवस राहून बघायला गेले. मनात होतं की तिथे काहीतरी वाईट सापडेल, आणि मग मुलाला सांगायला बरं पडेल. काही सापडेना, याचाच राग आला. भिंतीला धरायला दांडे होते. बाथरूमला उंबरा नव्हता. चादरी स्वच्छ. आमटी पातळ होती एवढंच, पण जेवायला बोलवायला माणूस यायचं. एका खोलीत दोन खाटा. जाऊबाईंची बाजू मी लगेच ओळखली. फळीवर पाच लुगडी, तांब्या, आरसा, सगळं ओळीने.

ऊस तोडायचा कोयता त्यांनी सोबत नेला होता. व्यवस्थापकाने घाबरून तो ऑफिसच्या कपाटात ठेवला. आता दर शनिवारी जाऊबाई ऑफिसात जातात, कोयता मागून घेतात, आवारातलं गवत कापतात आणि पुसून परत देतात. व्यवस्थापक त्यांना माझ्यासमोर म्हणाला, "आजी, आज शनिवार. आम्ही सगळे लांब बसतो."

"बसा की. तुमी न्हाईतरी बसलेलंच असता," जाऊबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्या कोथिंबीर निवडत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी जुडी स्वयंपाकघरातून मागून आणली होती. मी शेजारणीला फोन लावला आणि हळूच विचारलं, "पाणी बदललंस का गं?"

"कशाचं पाणी?" जाऊबाईंनी विचारलं. त्यांचे कान अजून चांगले आहेत.

"कुरडईच्या गव्हाचं. भिजत घातलेत."

"कवा?"

"निघायच्या दिवशी सकाळी."

जाऊबाईंनी कोथिंबीर खाली ठेवली. कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, आणि चौथ्या दिवशी वाटले नाहीत तर वाया जातात. हे त्यांना मी सांगायला नको होतं.

"अगं, घर हलवायच्या दिशी कुनी गहू भिजवतं व्हय?"

"मी घर हलवायला नाही आले. बघायला आलेय."

"बघायला कशाची? चौथ्या दिशी माघारी जायाचं ठरवून आलीस. गव्हाला सांगितलंस, पोराला न्हाई सांगितलं. त्येला सरळ सांग की."

"तो म्हणेल, पुन्हा पडलीस तर? मग काय सांगू?"

इथेच राहा, चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. चार वर्षं त्या तिथे सुखाने आहेत, म्हणायला हरकत नव्हती. जुडी निवडून झाल्यावर म्हणाल्या, "परवा मी येते तुझ्यासंगट. चीक हाटायला हात लागत्याल."

घरी आल्यावर चहाच्या आधी त्या बाथरूमकडे गेल्या. मोडलेल्या दाराच्या जागी मी नवं दार बसवलं होतं.

"ही कडी?"

"सुतारानं लावली."

"तू सांगितलं म्हनून लावली. आन् पहिलीपरीस मोठी?"

पहारीने दार तोडावं लागलं होतं, म्हणून मी पुढच्या वेळी तुटणार नाही अशी कडी बसवून घेतली होती. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण तेव्हा मला तो शहाणपणाच वाटला.

त्या दिवशी गहू वाटून, गाळून चीक ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच पातेल्यात पाण्याला आधण आणलं आणि चीक ओतला. हाटायला मी बसले. त्यांना हात लावू दिला नाही. दोन मिनिटांत मनगट दुखायला लागलं, गाठी धरायला लागल्या. जाऊबाईंनी माझ्या हातातला दांडा घेतला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, पण मनगट अजून ऊसतोडीचं. चीक मऊ शिजला. पातेलं खाली उतरवायला शेजारीण आली. मग मी सोऱ्या फिरवला आणि अंगणातल्या बाजेवर कुरडया घातल्या. तेवढं मला जमलं.

हात धुता धुता त्या म्हणाल्या, "तुला घर सोडून ऱ्हायची सवय न्हाई. त्यात लाजायचं काय न्हाई. मला घरात बसून ऱ्हायची सवय न्हाई. पर तुला हितं ऱ्हायचं आसंल तर हितं ऱ्हायाचं नीट शीक. स्क्रू ड्रायव्हर हाय का?"

होता. मालकांचा.

"तुम्ही काढता?"

"मी का काढू? तू काढ. मी पाट देते बसायला."

चार स्क्रू होते. नवे असल्यामुळे घट्ट. एकेकाला मी तिथेच थांबून दम घेत होते आणि जाऊबाई उंबऱ्यात बसून, सोऱ्याला चिकटलेला चीक नखाने काढून खात होत्या. मदत करायला एकदाही उठल्या नाहीत. कडी हातात आली तेव्हा मी पाटावरच बसून मुलाला फोन केला.

"मी इथंच राहणार आहे," मी म्हणाले.

"आन् परत पडलीस तर?"

"बाथरूमची कडी काढलीय. घराची एक किल्ली शेजारणीकडे दिली. ती रोज सकाळी हाक मारणार. ओ दिली नाही तर आत येणार. आणि भिंतीला दांडे बसवायचेत, ते तू येऊन बसव."

"आन् ह्येबी जमंना झालं तर?"

"तर मी सांगेन. तू ठरवायचं नाहीस. मोठ्या आईच्या खोलीतली दुसरी खाट मी बघून आलेय."

"मोठी आई तिथंच बसलीय ना? तिनंच शिकवलं आसंल."

जाऊबाई उंबऱ्यातून ओरडल्या, "सांग त्येला, कुरडया वाळल्या की न्यायला ये. दांडं इसरू नको म्हनावं!"

पातेलं मी शेजारणीला दिलं. मला आता ते उचलत नाही. पुढच्या वर्षी गहू तिच्याकडे भिजतील, मी सोऱ्या घेऊन जाईन. हे जाऊबाईंनी सांगितलं नव्हतं. मलाच सुचलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली, तेवढं मला पुरलं.

दुपारच्या एस्टीला त्यांना सोडायला गेले. एक पिशवी, बस्स. मला वाटलं, खिडकीतून हात करतील. मी वाट बघत उभी राहिले. गाडी सुटली तेव्हा दिसलं, त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. शेजारच्या बाईला सरकवून पिशवी नीट ठेवायला जागा करत होत्या.