मोजेवाल्या बाई

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर मुलांना 'कसं वाटतंय?' असं कधीच विचारायच्या नाहीत. "पोरांना खेळायला जायचं असतं, ती बरं हाय म्हणणारच. मोजे काढ आधी!" मोज्याच्या रबराचा वळ पायावर किती खोल उमटलाय, ते त्या अंगठ्याने चाचपायच्या. लोधिवलीत सगळे त्यांना मोजेवाल्या बाईच म्हणत.

मला नवव्या वर्षी ल्युपस निघाला. हा आजार औषधांनी दबतो आणि कधी गुपचूप उसळतो. ताप नाही, सांधे दुखत नाहीत, आत मूत्रपिंडं मात्र सुजत असतात. मुंबईचे डॉक्टर तीन महिन्यांनी भेटत, मधली राखण बाईंची. खांदे आखडलेत का ते बघायला हात वर करून वेणी सोडायला लावायच्या, तोंडात बॅटरी मारून टाळूला फोड आलेत का बघायच्या, सकाळची पहिली लघवी मागायच्या. तिच्यात बुडवलेली पिवळी पट्टी हिरवी झाली की समजायचं, आजार उसळला. या आजाराला ऊन सोसत नाही, आणि शाळेत मला प्रार्थनेला उन्हात उभं केलं म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना तिथे जाऊन झापलं होतं.

सहावीत माझा चेहरा गोल झाला. नातेवाईक म्हणाले, पोर अंगानं भरली! त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो. बाईंनी वळ पाहिला. "ही तब्येत नाय गं, सूज हाय. उद्या बाटली घेऊन ये."

त्याच आठवड्यात शाळेची सहल होती. मी बाटलीत धाकट्या बहिणीची लघवी नेली.

पट्टी पिवळीच राहिली. तरी बाई म्हणाल्या, "मुंबईला न्या हिला." माझे वडील, आप्पा, भडकले. "चांगल्या पोरीला आजारी पाडता काय तुमी?" एवढ्यावर थांबले नाहीत, वर तक्रार केली. बाईंची बदली दहिवलीकडे झाली. मी मूग गिळून गप्प बसले.

महिन्याभरात मला श्वास घेता येईना. मुंबईत भरती केलं तोवर मूत्रपिंडं निम्मी कामातून गेली होती. आप्पांनी नशिबाला दोष दिला. नशीब म्हणे!

बाई रजा काढून भेटायला आल्या. मी रडत रडत सगळं कबूल केलं. आता थोबाडीत बसणार असं वाटलं, पण त्या खाली बघत म्हणाल्या, "मला संशय आला होता गं. माझ्यासमोर परत बाटली भरायला लावायला पायजे होती. तुझ्या बापाच्या आवाजाला भ्याले मी."

त्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. तेवढं सांगायलाही माझं तोंड उघडलं नाही.

आता मी चोवीस वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. मागच्या वर्षी बाई गेल्याचं कळलं, तेव्हा आम्ही जेवत होतो. आप्पा म्हणाले, "फार चांगली बाई होती." मी भरल्या ताटावरून उठले.