पू न झालेली जखम

बारसं झालं तरी माझ्या मुलाची नाळ गळली नाही, तेव्हा पहिला ठपका माझ्यावर आला. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरी मुरगूडलाच झालं होतं. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. पोरीला स्वच्छता कळत न्हाय, असं ती शेजारणींना सांगत सुटली. मी कापूस उकळून घ्यायची, साबणानं हात धुऊन धुऊन सालटी निघाली होती, तरी घाणेरडी मीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाळ गळली, पण बेंबीभोवतीची कातडी जांभळी होऊन चिघळली. गावातले डॉक्टर म्हणाले, पू नाही, म्हणजे काळजीचं काही नाही. पुढे सारखा ताप, मग दात येताना हिरड्या सडल्यासारख्या झाल्या. एकाही जखमेत पू झाला नाही आणि एकही नीट भरली नाही. कोल्हापुरात एका डॉक्टरनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या बघितल्या आणि बाहेरच्या बाकावर, चारचौघांसमोर, रक्ताचा कॅन्सर सांगून टाकला. आठवलं की अजून डोकं फिरतं.

शेवटी एक तरुण डॉक्टरबाई भेटल्या. नाळ कधी गळली, हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर आम्हा दोघांना समोर बसवलं. पांढऱ्या पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या जोरावर पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मग भिंतीतून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचते. जंतूला धरून गिळायलाही त्यातलीच काही लागतात. आमच्या मुलात ती जवळजवळ नव्हतीच. त्यामुळं पेशी नुसत्या रक्तात वाहत राहायच्या. पू म्हणजे जंतूंशी झगडून मेलेल्या पेशी, आणि इथं झगडायला कुणी पोचतच नव्हतं.

"तुमच्या हातानं काही झालेलं नाही," त्या मला म्हणाल्या.

मग त्यांनी नातं विचारलं. नवरा माझा आतेभाऊ. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि एकाच रक्तात दोघांकडे तो असण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी समजावलं.

अस्थिमज्जा बदलणं हा एकच उपाय होता. त्याची चौकशी चालू असतानाच मुलगा न्यूमोनियानं गेला. नुकता कुठं भिंत धरून उभा राहायला लागला होता.

डॉक्टरबाईंचं म्हणणं मी घरात सांगितलं. आत्या म्हणाली, आमच्या घराण्यात असलं काही न्हाय. जसं काही मी दुसऱ्या घराण्यातून आले होते. आणि नवरा खाली मान घालून बसला.

काही वर्षांनी आत्यानं धाकट्या दिरासाठी माझ्याच धाकट्या बहिणीला मागणी घातली. बहिणीनं मुलगी मागितली तर भावानं नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, म्हणून वडीलही कबूल झाले. सुपारी फोडायला गडमुडशिंगीला, माझ्या माहेरी, बैठक बसली. माझं तोंड बांधायला कुणाला सुचलं नाही. मी सरळ बैठकीत जाऊन उभी राहिले.

"हे लगीन व्हायचं न्हाय."

वडील म्हणाले, "पावण्यांसमोर गप बस."

"पावणं कोण हाय हितं? सगळी एकाच रक्ताची हायसा. म्हणूनच माझं पोरगं गेलं."

आत्या रडायला लागली. तेव्हा नवरा पहिल्यांदा तिच्यासमोर बोलला. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी मान डोलावली. तीच वाक्यं मी इतकी वर्षं सांगत होते. पुरुषाच्या तोंडून आली आणि खरी ठरली. बहीण वाचली याचा आनंद त्या दिवशी मला झालाच नाही, इतकी मी पेटले होते.

बहिणीला आजऱ्यात, नात्याबाहेर दिली. दिराचंही परक्यात जमलं. दोन्हीकडची मुलं धडधाकट आहेत. आत्या त्याचं श्रेय कुलदेवाला देते. ती ते सांगायला लागली की मी उठून स्वयंपाकघरात जाते, कारण बसले तर पुन्हा बोलेन.