बाभळीच्या दारावरचा सफेदा

निजामाचा अमल होता, रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. तेव्हाची ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितलेली नाही.

बेंबळीत मी मामांच्या हाताखाली सुतारकाम करीत असे. लग्न झालेला बाप्या होतो, तेव्हा पोरवयाची सबब मला नाही. मामांची रीत ठरलेली. बाभळीच्या फळ्या ओढ्याच्या डोहात चार महिने बुडवून ठेवायच्या. लाकडातला रस उतरून पाणी काळं झालं, की मग रंधा आणि वर जवसाच्या तेलाचे तीन हात. घरातलं कपाट असो की बाहेरचं दार. मला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटे. सोलापुरात थोडे दिवस राहून आलो होतो ना!

एका लिंगायत व्यापाऱ्यांना नव्या घराचं दार पांढरं हवं होतं. घरभरणीला मठाचे स्वामी यायचे होते. मामा लोहाऱ्याला लेकीकडं गेलेले. मी पंधरा दिवसांतच फळ्या वर काढल्या, दार जोडलं. तेल वाळायला वेळ लागतो म्हणून सरसाच्या पाण्यात सफेदा कालवून फासला. संध्याकाळी स्वतःच्याच कामापुढून दोनदा मिरवून आलो.

सकाळी दारावर तांबूस ओघळ, कुणी पानाच्या पिचकाऱ्या मारल्यासारखे. खिळ्यांभोवती काळे डाग.

मामा गावी परतले ते थेट तिथंच आले. व्यापारी तापले होते. "मेस्त्री, लाकूड कच्चंच लावलं का वो?"

मी मामांच्या आधी बोललो, "जाताना मामांनीच फळ्या काढाया सांगितल्या."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "व्हय अप्पा. माझीच घाई झाली."

"इतकी वर्षं तुमच्या शब्दावर लाकूड घेतलं. आता न्हाय."

त्या घराची पुढची कामं खरंच दुसऱ्या सुताराकडं गेली. मला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही.

मामांनी दिवसभर बसून ते दार तासलं. ओल्या बाभळीला लोखंड लागलं, की हात काळे पडतात आणि धुऊन जात नाहीत. जेवताना मामींनी विचारलं, "हात कशानं काळं झालं वो?"

"कामानं," मामा म्हणाले, आणि त्याच हातानं आपल्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली.

मी ती खाल्ली.