विजेचा शेक

मी जन्मात एकाच बाईवर जळले, आणि ती विधवा होती. आमच्या काळात एखाद्या सवाष्णीनं हे तोंडातून काढलं असतं, तर गल्लीतल्या बायकांनी तिला वेड्यात काढलं असतं. विधवेचा कसला आलाय हेवा? मलाही ते कळत होतं. पण कळलं म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

आमचं घर बेळगावात. पुढच्या खोलीत ह्यांचा दवाखाना, म्हणजे माझ्या यजमानांचा. मागे स्वयंपाकघर, सासूबाई आणि मी. मधल्या दाराला जाड पडदा. दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोशी बोलत बसायचं नाही, ही घरची रीत. जेवताना मी विचारायचे, "भात वाढू?" हे म्हणायचे, "पुरे." झाला आमचा संसार! रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हे घोरायला लागत.

लढाईच्या दिवसांत लष्करी कॅम्पातला एक गोरा डॉक्टर बदलून गेला. जाताना त्यानं विजेच्या शेकाचं मशीन ह्यांना विकलं. मोठी लाकडी पेटी, वर दिवा, आणि रबरानं मढवलेल्या दोन थाळ्या. दुखऱ्या खांद्याच्या पुढून-मागून थाळ्या लावायच्या, खटका दाबायचा, की पेटी घरघरायची आणि मांसाच्या आत ऊब जायची म्हणे. आमच्या गल्लीत वीज येऊन फार काळ लोटला नव्हता. लोक नुसतं मशीन बघायला यायचे.

पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. अंगावर धातू असला तर तो तापतो, म्हणून दागिने काढायला हे सगळ्यांना बजावत. बेळगुंदीच्या एका शेतकरणीनं बांगड्या, बुगड्या सगळं काढलं, पण डोरलं काही काढलं नाही. चोळीत खुपसून वर पदर घट्ट ओढून बसली. चटका बसला तरी ओरडली नाही, कारण ओरडली तर डोरलं सापडलं असतं. गळ्याखाली हा फोड! ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी नियमच केला, गळा मोकळा असल्याशिवाय मशीन नाही. झालं, सवाष्णींनी पाठ फिरवली. खांदा काय, मोडला तरी चालेल, पण नवऱ्याच्या आयुष्याशी खेळ नको.

राहिले पुरुष आणि विधवा. त्यांतलीच ती निपाणीची. तंबाखूच्या वखारीत पाला निवडून निवडून तिचा उजवा खांदा धरला होता. वेणी घालायलासुद्धा हात वर जात नव्हता. भावाकडे बेळगावात राहून ती रोज सकाळी यायची. माझ्याच वयाची, सावळी आणि बोलायला मोकळी. ह्यांना अण्णा म्हणायची. अण्णा म्हणजे भाऊ, मग मला वाईट वाटायचं काय कारण? पण वाटायचं.

शेक चालू असताना डॉक्टरनं जवळ बसून राहावंच लागे, कुठं भाजू नये म्हणून. मी पडद्याआड भाजी चिरत बसायचे. हे विचारायचे, "चटका बसतोय का?"

"न्हाय अण्णा, ऊब लागतीया. लई बरं वाटतंय."

"काल रात्री झोप लागली?"

"लागली की. कूस बदलली तवा जरा कळ आली बघा."

मग वखारीतल्या गोष्टी निघायच्या. तंबाखूच्या खकाण्यानं मुकादम कसा शिंकतो, याची ती नक्कल करायची आणि हे मोठ्यानं हसायचे. माझ्या नवऱ्याचं हसणं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं ते पडद्याआडून, आणि तेही दुसरीनं हसवलेलं. विळीवर बोट कापलं माझं. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठाय तुझं?"

शेक झाला की हे तिचा हात धरून भिंतीला लावायचे आणि जिथवर पोचेल तिथं खडूनं रेघ मारायचे. दुपारी झाडायला गेले की मला त्या रेघा दिसायच्या. कालच्यापेक्षा आजची वर. पुसून टाकाव्यात असं मनात यायचं, पण धाडस झालं नाही.

ह्यांच्या डोक्यात तेव्हा वेगळंच चाललं होतं. माणूस मशीननं बरा होतो, की मशीनपुढं बसल्यानं? हे कळल्याशिवाय लोकांच्या अंगात वीज कशाला घालायची, असं ते एका डॉक्टर मित्राला सांगत होते. म्हणून काही रोग्यांना खरा शेक द्यायचा, आणि काहींना नुसताच दिवा लावायचा, पेटी घरघरू द्यायची, थाळ्यांत मात्र वीज सोडायची नाही. कुणाला कुठला, ते फक्त ह्यांना ठाऊक. हे सगळं मी पडद्याआडूनच ऐकलं. माझं सगळं शिक्षण त्या पडद्याआडच झालं.

त्याच सुमाराला माझा डावा खांदा धरला. सोंग नव्हतं, खरंच धरला. आडाचं पाणी ओढून ओढून दुसरं काय होणार? पण खोटं कशाला बोलू, कळ आली तेव्हा आधी आनंद झाला. आता माझीही पाळी येणार, हे माझ्याजवळ बसणार, झोप लागली का म्हणून विचारणार! मी सासूबाईंना म्हटलं, "मशीनचा शेक घेऊ का?"

"आणि डोरलं?"

"तेवढ्यापुरतं काढीन."

"नवरा धडधाकट असताना गळा मोकळा करणार? बुद्धी फिरली काय गं तुझी? एरंडाची पानं गरम करून बांध."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. गावच्या गाव आमच्या दारात शेकून जात होतं आणि डॉक्टरची बायको एरंडाची पानं बांधून भाकऱ्या थापत होती. ज्याच्या नावाचं डोरलं गळ्यात, त्याच्याजवळ बसता येत नव्हतं ते त्या डोरल्यापायीच. आणि जिचा गळा देवानं ओका केला, ती रोज ऐटीत बसत होती. असा विचार मनात येणं पाप आहे, हे ठाऊक होतं. तरी यायचाच.

पुढं तिचा हात पार डोक्यावर गेला. ह्यांच्यापुढं नारळ ठेवून ती निपाणीला गेली. जाताना मलाही वाकून नमस्कार केला. "वैनी, देवमाणूस हाय तुमचा," म्हणाली.

एक दिवस सासूबाई लग्नाला जवळच्या मच्छे गावी गेल्या. दवाखान्यात कुणी नव्हतं. मी पडदा सारून आत गेले, एका हातानं डोरल्याची गाठ सोडली, ते टेबलावर ठेवलं आणि रोग्याच्या स्टुलावर जाऊन बसले.

हे बघतच राहिले. "हे काय?"

"खांदा धरलाय. मशीन लावा."

"तुला नाही लावता येत. पडद्याआडून सगळं ऐकलंयस तू, तुझ्यावरून मला काही कळायचं नाही."

"कळायला नको. बरं करा."

"अगं, त्या मशीनमध्ये काही नाही!" असं म्हणून ह्यांनी खुर्ची ओढली आणि चक्क माझ्यासमोर बसले. डोळे लकाकत होते. "ती निपाणीची बाई आठवते? तिला मी एक दिवससुद्धा वीज दिली नाही. नुसता दिवा. तरी हात डोक्यावर गेला! आणि गंमत म्हणजे तिला ऊब लागायची. थाळ्या थंडगार, आणि ही म्हणते ऊब लागते!"

"मग बरी कशानं झाली?"

"तेच तर! रोज बसलो, विचारपूस केली, हात हलवून घेतला. दुसरं काही नाही."

ह्यांना वाटलं, केवढी आनंदाची बातमी सांगितली मला. मशीननं बरी झाली असती तर माझी काही तक्रार नव्हती. मशीन काय, सगळ्यांचंच होतं. पण ही बाई माझ्या नवऱ्याच्या नुसत्या जवळ बसण्यानं बरी झाली होती. ऊब लागली होती ती त्यांचीच.

हे बोलतच होते. भर दिवसा, घरात दुसरं कुणी नसताना, माझ्याकडे बघत, इतका वेळ. याचसाठी मी महिनोन्महिने जीव टाकला होता. मी डोरलं उचलून गळ्यात घेतलं, पण दुखऱ्या हातानं मागं गाठ जमेना. शेवटी म्हटलं, "अहो, तेवढी गाठ मारा."

ते उठले, मागं आले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी डोरल्याला हात लावला. गाठ मारली, नीट, घट्ट मारली, आणि ती मारतानाही सांगत होते ते तिच्याच खांद्याचं.