उपवासाच्या थाळीतली मसूर

बापूसाहेबांनी माझ्या टेबलावर आपलं कार्ड ठेवलं, तोवर त्यांचा आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत पोचला होता. कार्डावर चार पदं होती. तीन 'माजी'. चौथं एका नागरिक समितीचं अध्यक्षपद. ती समिती त्यांच्याच गच्चीवर भरते, हे मला पुढे कळलं.

"मॅडम, धर्म बुडवून राहिले हे लोक," ते म्हणाले. "एकादशीच्या दिवशी माझ्या मिसेसला मसूर चारली. मसूर! अन् बोर्डावर काय लिहिलंय? उपवास थाली!"

"कोणत्या हॉटेलात?"

"तो नेपियर टाउनचा अफ्रीकावाला."

मी जबलपुरात फूड सेफ्टी ऑफिसर आहे. आम्ही दिवाळीत खवा पकडतो, एवढं लोकांना माहीत असतं. बाकी वर्षभर काय करतो, हे कोणी विचारत नाही. आमच्या कायद्यात अन्नाचे दोष वेगवेगळे आहेत. 'अनसेफ' म्हणजे खाल्लं तर अपाय होईल. 'सबस्टँडर्ड' म्हणजे अपाय नाही, पण ठरलेला दर्जाही नाही. आणि 'मिसब्रँडेड' म्हणजे माल उत्तम असेलही, पण वर लिहिलंय एक आणि आत निघालं दुसरं. बापूसाहेबांची मसूर या तिसऱ्या प्रकाराच्या जवळ जात होती.

साहेबांनी लगेच आत बोलावलं. "केस बना दीजिए. बोर्ड की फोटो सारे व्हॉट्सॲप ग्रुप में घूम रही है."

"सर, पहले किचन तो देख लूँ."

"देखिए. लेकिन देखके केस बनाइए."

कोचिंग क्लासच्या इमारतीत, तळमजल्यावर, ते रेस्टॉरंट आहे. थाटमाट काही नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा, हात धुवायला दारातच बेसिन. मालक तेस्फाये इथिओपियाचा. इथे शेतकी शिकायला आला, शिकला, आणि दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरच्या मेघाशी लग्न करून इथलाच झाला. त्याची हिंदी माझ्यापेक्षा जबलपुरी आहे.

मी किचन तपासलं. झाकणं, फ्रीज, पाणी, नखं. सगळं ठीक. खवा पकडताना पाहिलेल्या काही किचनांपेक्षा तर फारच ठीक.

"मैडम, हमने झूठ नहीं लिखा," तेस्फाये म्हणाला. "हमारे यहाँ इसको उपवास का खाना ही बोलते हैं. मेरी अम्मा हर बुधवार-शुक्रवार यही खाती है."

"मसूर?"

"मसूर, चना, भाजी, सब. दूध नहीं, घी नहीं, अंडा-मांस नहीं."

मेघाने कपाळाला हात लावला. "ताई, यांच्याकडच्या मेन्यूत 'फास्टिंग' होतं. मीच त्याचं 'उपवास' केलं. मला वाटलं, किती छान, आपलाच शब्द! काहून मला सुचलं नाही, की आपल्याला डाळ चालत नाही? आई तर घरी दर एकादशीला करते."

आपल्या उपवासाला दूध-तूप चालतं, डाळ चालत नाही. त्यांच्या उपवासाला डाळ चालते, दूध-तूप चालत नाही. दोघेही प्रामाणिकपणे उपाशी राहतात.

"केस होईल का?" तिने विचारलं. "वरच्या क्लासवाल्यांचीच ही जागा आहे. ते म्हणून गेले, लफडं झालं तर महिनाअखेर खाली करा. आम्ही सगळं यातच घातलंय, ताई."

पदार्थ पाहायचा म्हणून मी ती वादग्रस्त थाळी मागवली. एक मोठी परात आली. तळाशी इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार, आंबोळीसारखी पोळी. त्यांच्याकडे ती टेफ नावाच्या बारीक धान्याची करतात. ते इथे मिळत नाही, म्हणून हे ज्वारीची करतात. तिच्यावर लाल मसूर, कोबी, आणि शिरो नावाचं काहीतरी. मी घास घेतला.

"हे तर पिठलं आहे."

"हो ना," मेघा म्हणाली. "यांना आमच्या घरी पहिल्यांदा पिठलं वाढलं, तेव्हा हे रडले होते."

"मिर्ची ज़्यादा थी," तेस्फाये म्हणाला.

मग मी बापूसाहेबांच्या घरी गेले. एकादशी त्यांच्या पत्नीची मोडली होती, तेव्हा बयान तिचं हवं. बापूसाहेब दारातच उभे होते. "लिहा. श्रद्धेला ठेच पोचली."

"मी काकूंना विचारते."

काकू आतून पदराला हात पुसत आल्या. मी विचारलं, "थाळीत मसूर आहे हे केव्हा कळलं?"

"दुसऱ्या घासाला."

"मग?"

"मग काय, खाल्ली." त्या शांतपणे म्हणाल्या. "चांगली होती."

"अगं!" बापूसाहेब म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. एकादशीला समोर कोंबडी खात बसले होते, हे लिहिलं का तक्रारीत?" त्या माझ्याकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून उपवासाचं मीच करते अन् मीच खाते. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला उपवासाचं वाढलं. मसूर पाहून उठून जाऊ? दुसऱ्या दिवशी परत केली मी एकादशी. देवाला हिशेब समजतो."

बापूसाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं.

काकू म्हणाल्या, "त्या पोरीला सांगा, ज्वारीच्या जागी भगर अन् थोडा साबुदाणा भिजवून वाटावा. रात्रभर आंबवला की अशीच जाळी पडते. मसुरीच्या जागी दाण्याची आमटी. कांदा-लसूण नको. मसाल्यात तिखट, जिरं, सैंधव, बस."

"आंबवलेलं चालतं का पण?"

"आमच्याकडे चालतं. ज्यांच्याकडे नाही चालत, त्यांनी बटाटा खावा."

आमच्या कायद्यात 'इम्प्रूव्हमेंट नोटीस' नावाची एक समंजस सोय आहे. कोर्टात न ओढता, चूक सांगून सुधारायला मुदत द्यायची. मी तीच तयार केली. साहेबांनी ती धरून बराच वेळ पाहिली.

"ये तो धरम का मामला है. इसमें हम कैसे पड़ें?"

"सर, धरम का नहीं, सामग्री का है. बोर्ड पर सामग्री लिखवा देते हैं."

साहेबांना सामग्री हा शब्द आवडला. त्यात कोणाच्या भावना नसतात. त्यांनी सही केली.

तेस्फायेला 'उपवास' शब्द काढायचा नव्हता, आणि मलाही तो काढून घ्यावासा वाटला नाही. काकूंची कृती मी मेघाला पोचवली, आणि नवीन बोर्डावर दोन ओळी आल्या. 'इथियोपिया का उपवास: दाल है, दूध-घी नहीं. जबलपुर का उपवास: दूध-घी है, दाल नहीं.'

राहिले बापूसाहेब. तक्रार मागे घेणं त्यांच्या चारही पदांना शोभत नव्हतं. मी त्यांना फोन करून सांगितलं, की तुमच्या तक्रारीमुळे बोर्ड बदलला. ते म्हणाले, "उद्घाटन कोण करून राहिलं?"

पुढच्या एकादशीला लाल फीत, समितीचे लोक आणि एक माईक आला. ज्या खोलीत सगळे एकमेकांचे श्वास ऐकू शकत होते, तिथे माईक. वरचे क्लासवाले जागामालक पहिल्या रांगेत. बापूसाहेबांनी फीत कापली आणि दोन संस्कृतींच्या मिलनावर बोलायला लागले. काकू मागच्या टेबलावर मैत्रिणींबरोबर भगरीचा इंजेरा मोडत होत्या. भाषण आर्य लोकांपर्यंत गेलं, तरी परतायचं नाव नाही.

तेव्हा तेस्फाये पुढे झाला. त्यांच्याकडे मानाच्या पाहुण्याला यजमान स्वतःच्या हाताने घास भरवतो. गुर्शा म्हणतात त्याला. नाही म्हणणं अपमानाचं, आणि घास जितका मोठा तितका मान मोठा. बापूसाहेबांनी "आणि म्हणूनच" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेस्फायेने मोठा मान दिला.

बापूसाहेब चावत राहिले. बराच वेळ. शेवटी गिळलं आणि माईकमध्ये एवढंच म्हणाले, "दाण्याची आहे का? अजून वाढा."

जागामालकांनी टाळ्या वाजवल्या. जागा खाली करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बापूसाहेबांचा फोटो आता नकाशाशेजारी लागला आहे, तो कोणी काढणार नाही. एकादशीला तिथे टेबल मिळत नाही. काकूंसाठी मात्र एक राखून ठेवतात.

मी फाइल बंद केली. शेऱ्याच्या रकान्यात 'सुधारणा समाधानकारक' असं लिहिलं. कोणाची झाली, हे लिहायला रकाना नव्हता.