रामस्नेहीचं गाव कसं रिकामं झालं

घंटांच्या दुकानात बसणाऱ्याचं एक असतं. गिऱ्हाईकासाठी वरच्या खिळ्यावरची एक घंटा काढायला जावं, तर शेजारच्या चार-पाच आपणहून वाजतात. किश्श्यांचंही तसंच. एकाला हात लावला की बाकीचे बोलायला लागतात, आणि दुकान बंद करायची वेळ कधी होऊन जाते, कळत नाही.

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात आमचं गुरांच्या साजाचं दुकान. घंटा, घुंगुरमाळा, दावी. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले ते घोड्यांची खोगिरं शिवायला. घोडे गेले, म्हशी आल्या. आता म्हशीही चालल्यात. ते कुठलं गाव सोडून आले, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला तिथले लोक विचारतात, ग्वाल्हेर ठीक आहे, पण मूळचे कुठले? तो मला फोन लावतो. मी म्हणतो, "टोपी बाजार सांगून दे."

*

हल्ली आमच्याकडून घंटा घेतात त्या सिटी सेंटर भागातल्या बायका, फ्लॅटच्या दाराला लावायला. अशी एक घंटा परत आली. आणणारा त्याच बिल्डिंगचा चौकीदार, रामस्नेही. मिशी निम्मी पिकलेली, बोलणं हळू. फुटली का, मी विचारलं. नाही म्हणाला, आवाज एकदम बरोबर आहे, तीच अडचण आहे. मॅडमला विचारून आलोय, हिच्या जागी दुसरी कुठलीही द्या.

"भाऊसाहब, जब दरवाज़ा खुलता है, मैं डंडा उठा के खड़ा हो जाता हूँ, कि भैंस किसी के खेत में घुस गई."

मी घंटा बदलून दिली आणि चहा मागवला. तेव्हापासून ड्यूटी सुटली की तो येतो आणि घंटांखाली बाकावर बसतो. गल्लीत वारा शिरला की सगळ्या थोड्या-थोड्या हलतात. तो डोळे मिटतो. एखादं गिऱ्हाईक आलं तरी मी त्याला उठवत नाही. त्या वेळी तो इथे नसतोच.

*

गाव का सोडलं, असं मी त्याला एकदा विचारलं. पाणी नाही, शेती पिकत नाही, असं काही ऐकायची तयारी ठेवून. पाणी तर बापाच्या वेळेपासून कमीच होतं, म्हणाला. गाव रिकामं झालं ते न्हाव्यामुळे.

न्हाव्याच्या पोरानं इथे लष्कर भागात सलून टाकलं आणि बापाला बोलावून घेतलं. आता गावात दाढी कोण करणार? पुरुष बसनं ग्वाल्हेरला यायला लागले. खुर्चीत मान मागे टाकून पडल्या-पडल्या एकाला कळलं की गार्डची जागा आहे. दुसऱ्याला कळलं की फरशी बसवणारा पाहिजे. "जो दाढ़ी बनवाने गया, वो लौटा ही नहीं." मग पोरं बापांमागे गेली. शाळेत पोरं उरली नाहीत, म्हणून मास्तरांची बदली झाली. मास्तर नाहीत, म्हणून रामस्नेही आपल्या मुलीला, पूजाला घेऊन निघाला.

"आणि तुझी दाढी?" मी विचारलं.

"मैं तो घर पे ही बनाता था," तो म्हणाला. जरा दुखावल्यासारखाच.

*

त्याची खोली कंपू भागात, हॉस्पिटलांच्या मागे. त्याची बायको मुन्नी एकदा दुकानात आली. मी सहज म्हटलं, वहिनी, गावाची आठवण येत असेल. ती हसायलाच लागली. गावात कुणाचं पोट दुखलं, कुणाला मोतीबिंदू झाला की रुग्ण हॉस्पिटलात आणि बरोबरचे सगळे हिच्या खोलीत. जे सुरतेला गेले, नोएडाला गेले, ते म्हाताऱ्यांना दाखवायला येतात तेही इथेच उतरतात. गावात ज्यांच्याशी बोलणं नव्हतं, त्यांच्याही पोळ्या आता हीच लाटते.

"गाँव छूटा कहाँ, भाऊसाहब," ती म्हणाली. "गाँव तो हमारे यहाँ भर्ती है."

*

फक्त एक माणूस येत नव्हतं. रामस्नेहीची अम्मा. गल्लीत शेवटचं उघडं दार तिचं. गुडघे गेलेले, नजर अधू, आणि संगतीला भूरी नावाची म्हैस. यंदाच्या थंडीत तिला एकटीला ठेवायचं नाही, हे रामस्नेहीच्या मनानं घेतलं होतं. पण विषय काढला की अम्मा म्हणायची, भूरीचं काय?

भूरीचंही एक होतं. लहानपणापासून तिला रामस्नेहीच्या हाकेची सवय. ती ऐकल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. म्हणून रोज दिवेलागणीला अम्मा फोन भूरीच्या कानाशी धरायची, आणि हा इकडे सिटी सेंटरच्या गेटवर उभा राहून लाडात बोलायचा, "आ जा भूरी, मान जा, मेरी रानी."

बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं ते ऐकलं. बोलावून घेतलं. घरी बायको-मुलगी असताना ही भूरी कोण? रामस्नेही म्हणाला, म्हैस आहे. सेक्रेटरी आणखीच चिडले, म्हणाले बाईमाणसाला असं बोलू नये. शेवटी ह्यानं फोन स्पीकरवर टाकला. भूरी हंबरली. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे, पण रानी वगैरे जरा हळू बोलत जा."

*

भूरीसाठी जागा मी शोधली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक जण शहराबाहेर गोठा चालवतो. अम्मानं रोज येऊन स्वतः धार काढावी, ह्यालाही तो तयार झाला. आता कारण उरलं नाही, असं आम्हाला वाटलं. छोटा ट्रक घेऊन रामस्नेही आणि मी निघालो.

गावात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. बाभळीची पिवळी फुलं रस्त्यावर पडलेली, त्यावर एक चाकाची खूण नाही. भूरी आपली आपण फळीवरून ट्रकात चढली. अम्मा मात्र उंबऱ्यावर बसून राहिली. गाठोडं बांधलेलं, पण उठेना.

रामस्नेही तिच्यापुढे उकिडवा बसला. आता काय राहिलं, त्यानं विचारलं.

तिकडे रीत अशी, की गाव सोडून जायचं तर गल्लीत घरोघर सांगून जायचं. न सांगता जातो तो चोर. अम्मा म्हणाली, "सब हमसे कह के गए. हम किससे कह के जाएँ?"

ड्रायव्हरनं दोनदा आमच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळानं अम्मा उठली. डोक्यावर पदर घेतला आणि काठी टेकत गल्लीत निघाली. पहिल्या दाराला कुलूप. तिथे उभी राहिली, काहीतरी बोलली, जरा थांबली आणि मान हलवली. मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. एका दाराशी हसली. एका दाराशी तिनं चौकटीवरून हात फिरवला, नव्या नवरीच्या गालावरून फिरवावा तसा. रामस्नेही तिच्यामागे जायला निघाला, मी त्याचा हात धरला.

गल्लीच्या टोकाच्या घराशी ती थांबली ती थांबलीच. मग पायरीवर बसली. ऊन भिंतीवरून सरकत छपराला गेलं. भूरी ट्रकात रवंथ करत होती. आम्ही तिघं ट्रकाशी उभे.

अखेर अम्मा उठली, सावकाश आली, ट्रकात पुढे बसली. रामस्नेहीनं हळूच विचारलं, इतका वेळ का लागला.

"कोने वाले घर की बहू मानी ही नहीं. बोली, चाय पी के जाओ."

मग पदरानं ओठ पुसून म्हणाली, "शक्कर ज़्यादा डालती है."